वन्सं, ते नाव मी पुसलं होतं

वन्सं, काल तुमचा तेरावा झाला, आणि तुमच्या तेराव्यालासुद्धा मी जळत होते. लोक जेवून उठत होते, हात धुवायला नळापाशी जात होते आणि जो तो तुमच्याबद्दलच बोलत होता. आता तेरावा तुमचा, तर बोलणार तुमच्याबद्दलच. माझ्याबद्दल कशाला बोलतील? पण मला तेही सोसेना. आपल्या ऑफिसातले पाठकजी आले होते. पुरीचा घास हातात तसाच धरून रडले. म्हणाले, "दीदी के बिना अब जाऊबाई को कौन मनाएगा?" काकू गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं घरातल्याच कुणा जावेबद्दल चाललंय. "सर्व्हर आहे हो तो एक," असं त्यांना सांगितलं आणि मी आत निघून आले.

इथल्या मराठी समाजाच्या अंकात तुमच्यावर चार ओळी हव्यात, असं परवाच सांगून गेले आहेत. "घरातल्याच माणसाने लिहिलेलं बरं," म्हणाले. घरातलं माणूस म्हणजे मी. तुमची भावजय, आणि इस्पितळाच्या संगणक-खोलीत तुमच्या शेजारी सोळा वर्षं बसलेली. चार चांगल्या ओळी मला येत नाहीत असं नाही. पण बसले लिहायला, तर वाईटच आधी आठवलं. ते तुम्हालाच सांगते. छापायचं की नाही ते त्यांचं ते बघतील.

पहिलं म्हणजे नावं. मी गुरसरायहून या घरात आले ती कुसुम म्हणून. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने तुमच्या भावाने लिहिलं, "मृणाल." नाव कुणी काढलं? तुम्ही. मांडवात सगळ्यांनी वा वा केलं. आणि दुखणं हे, की मलाही ते आवडलं. नसतं आवडलं तर निदान कुरकुरायला तरी जागा राहिली असती. पुढे मुलगी झाली. नऊ महिने मी मनात "अनुजा, अनुजा" घोकत होते. बारशाला तुम्ही आत्या, मान तुमचा. पाळण्यात वाकलात, तिच्या कानात कुर्रर्र केलंत आणि म्हणालात, "शलाका." बायकांनी तुमच्या पाठीत धपाटे घातले. मी पलंगावर बसून हसत होते. वन्सं, त्या हसण्याने माझे गाल दुखले होते.

आणि ऑफिसात तर कहरच. एमसीए झालेली मी. तुम्ही बी.कॉम., टायपिंग येतं म्हणून इस्पितळात लागलात आणि बाहेरून येणाऱ्या इंजिनियरांच्या मागे उभ्या राहून सगळं शिकलात. मी तिथे लागले तुमच्यानंतर काही वर्षांनी. पहिल्याच दिवशी तुम्ही ओळख करून दिलीत, "ये हमारी भाभी हैं." झालं! त्या दिवसापासून आख्ख्या इस्पितळाची मी भाभीजी. डॉक्टर भाभीजी म्हणतात, वॉर्डातल्या आया भाभीजी म्हणतात, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे दुबेजी, आमचे मॅनेजर, तेही भाभीजी. मृणाल कुणी नाही, कुसुम तर नाहीच. तुम्ही दीदी, म्हणून मी भाभी. 

आता आपलं काम काय होतं ते इथल्या मंडळींना कुठे ठाऊक आहे. "कंप्युटरमध्ये आहेत दोघी," एवढंच सगळे सांगतात. म्हणून थोडक्यात लिहिते; चुकलं तर वरून डोळे वटारू नका. इस्पितळाचे एक्स-रे, स्कॅन, रिपोर्ट, सगळं एका मोठ्या पेटीत साठतं. तिला स्टोरेज म्हणायचं. नुसत्या डिस्कच डिस्क. त्या पेटीचा कारभार बघतो तो कंट्रोलर. वेगवेगळे सर्व्हर तारांनी त्या कंट्रोलरला जोडलेले असतात. प्रत्येक सर्व्हरला दोन कार्डं, दोन तारा. एक तुटली तर दुसरीवर निभावतं. नवी तार पहिल्यांदा जोडली, की कंट्रोलर तिला ओळखत नाही. पडद्यावर स्वतःच काहीतरी लिहितो, "न्यूकॉन" आणि पुढे आकडा. म्हणजे कुणीतरी नवं आलंय, एवढंच. मग आपण तिला नाव द्यायचं, पलीकडचा सर्व्हर कुठल्या जातीचा ते सांगायचं आणि पेटीतला कुठला भाग तिने बघावा याची परवानगी त्या नावावर लिहायची. ज्या तारेला नाव नाही तिला पेटीतलं काहीही दिसत नाही.

ही नावं कशी ठेवायची, यावर आपलं सोळा वर्षं भांडण चाललं. मी म्हणायची, नावात सर्व्हर कुठला, कार्ड कितवं, तार कंट्रोलरच्या कितव्या तोंडात खोचलीय, हे सगळं यायला हवं. उद्या आपण दोघी नसलो तरी तिसऱ्याला वाचून कळलं पाहिजे. तुम्ही म्हणायचात, "अगं, नाव हाक मारायला असतं."

"ओळखायला असतं, वन्सं."

"हाक मारली की ओळखतं माणूस."

आणि तुम्ही नावं दिलीत. एक्स-रेचा मोठा सर्व्हर "थोरली". प्रयोगशाळेचा "धाकटी". पेशंटची नोंद जिथे होते तो "ओसरी", कारण आलेला प्रत्येक जण आधी तिथेच टेकतो. सगळ्याची नक्कल जिथे जाऊन राहते तो "माहेर". आणि तो जुना, दर पंधरा दिवसांनी रुसून बसणारा, तो "जाऊबाई". प्रत्येकीच्या दोन तारा, एक डावी, एक उजवी. थोरली-डावी, थोरली-उजवी. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत ही नावं वाचताना मला कसंसंच व्हायचं. पण इस्पितळभर कुणाला अडचण आली नाही. बुंदेली बोलणारे लोक, मराठीचा गंध नाही, आणि फोन करून विचारायचे, "काय दीदी, ओसरी बैठ गई का?" माझी नावं एकाच्या तोंडी बसली असतील तर शपथ.

बरं, नाव देऊन गप्प बसाल तर त्या तुम्ही कसल्या! नवी तार जोडली की तुम्ही सगळ्यांना बोलवायचात. रॅकचं दार उघडायचात, आत वाकायचात आणि त्या थंडगार कंट्रोलरच्या कानात, म्हणजे तुमच्या मते जो कान होता त्यात, कुर्रर्र करून नाव सांगायचात. मग टाइप करायचात. पाठकजींना तुम्ही शिकवून ठेवलं होतं, की आता पाठीत धपाटा घालायचा. ते बिचारे एका बोटाने खांद्याला शिवायचे आणि "माफ करना दीदी" म्हणायचे. "माहेर"च्या बारशाला मी तुमच्या पाठीमागे उभी होते. मी धपाटा घातला. चांगला सणसणीत. तुम्ही कळवळलात, मागे वळून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "किती दिवसांचा होता गं हा?" सगळे हसले. मीसुद्धा हसले. शलाकाच्या बारशापासूनचा होता, वन्सं. तुम्ही बरोब्बर ओळखलंत.

पण तुमच्यात गोड होतं ते लिहायला नको का? लिहिते. टायफॉइडने मी इस्पितळात पडले होते तेव्हा नगऱ्यातल्या आपल्या घरातून रोज दोनदा रिक्षाने येऊन तुम्ही मला पेज भरवलीत, आणि ऑफिसात माझं काम माझ्याच पद्धतीने करून ठेवलंत. माझ्या पद्धतीने! तुम्हाला ती आवडत नव्हती तरी. मी बरी होऊन परत गेले तर माझ्या सगळ्या याद्या जिथल्या तिथे. मला तेव्हा तुमच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि त्याच क्षणी असंही वाटलं, की हिला माझं कामही माझ्याइतकंच येतं की काय. गळ्यात काही मी पडले नाही. "औषधाची वेळ झाली," म्हणून डबा उघडला.

आता त्या दिवसाचं. सहा वर्षं झाली.

गुरसरायला माझ्या भाच्याची मुंज होती. माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा. जाणार होतो दोघी. त्या दिवशी सकाळी थोरलीचं एक कार्ड मेलं. एका तारेवर ती चाललेली होती, काही बिघडलं नव्हतं. पण ग्वाल्हेरहून इंजिनियर नवं कार्ड घेऊन येणार होता आणि कुणीतरी थांबायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, "मी थांबते, माहेर तुझं आहे." मी म्हणाले, "नाही वन्सं, तुम्ही जा. दादाला तुमचं कौतुक आहे." तुम्ही माझा गाल कुरवाळलात. केवढा त्याग केला असं वाटलं तुम्हाला. खरं काय ते आज ऐका. मला ती खोली एकटीला हवी होती. तुम्ही नसताना एका तारेला तरी माझं नाव द्यायचं होतं. त्यासाठी मी भाच्याची मुंज सोडली.

रिक्षात बसता बसता तुम्ही म्हणालात, "मृणाल, डावं-उजवं रॅकच्या मागून धरायचं हां. तारा मागे आहेत, तिथून बघायचं."

मी म्हणाले, "कळतं मला." किती वेळा सांगितलं होतंत ते! निदान तीनदा. आणि दर वेळी मी हेच म्हणायची, "कळतं मला."

इंजिनियर आला. त्याने पुढच्या बाजूने झाकण काढलं, कार्ड बदललं आणि म्हणाला, "मैडम, बायाँ वाला बदल दिया है." पडद्यावर यादीच्या तळाशी "न्यूकॉन" आलं. काम सोपं होतं. मेलेल्या कार्डाचं नाव पुसायचं, नव्याला नाव द्यायचं, परवानगी लिहायची. मला नुसतं स्फुरण चढलं होतं. डावी बदलली ना, मग थोरली-डावी पुसायची. मी ती निवडली. त्याच ओळीत पुढे लिहिलेलं होतं, ऑनलाइन. म्हणजे ही जिवंत आहे, हिच्यावरच सगळं चाललंय. नियमांचा टेंभा मिरवणारी मी, मी ती ओळ शेवटपर्यंत वाचली नाही. कंट्रोलरने विचारलं, खरंच पुसू? मी म्हटलं, पूस. तुमचं एक नाव गेलं आणि वन्सं, मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? फार बरं वाटलं.

दोन मिनिटं वाटलं. मग ओपीडीतून फोन यायला लागले.

इंजिनियरची पुढून डावी ती तुमची मागून उजवी. मेली होती उजवी, मी पुसली डावी. पुसलेली तार जिवंत असल्यामुळे पुन्हा वर आली, पण आता तीही बिननावाची. दोन न्यूकॉन, दोघींमागे सोळा-सोळा अक्षरांचे लांबलचक क्रमांक, कुठली कुठे जाते काही कळेना. थोरलीला पेटीतलं काहीच दिसेना. चित्रं सगळी आत शाबूत, पण एकही उघडेना. मी चुकीच्या तारेला नाव दिलं, पुसलं, परत दिलं. हाडांच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर रांग लागली. मी पाणी प्यायला बाहेर आले तर बाकावर एक म्हातारे बाबा मोडलेला हात मांडीवर घेऊन बसले होते. मला म्हणाले, "बिटिया, और कितनी देर?" मी तशीच पुढे गेले.

तुम्हाला फोन मी केला नाही. केला पाठकजींनी, दुपारी तीनला. तुमच्यामागे मुंजीचा बँड वाजत होता, पाठकजींनी फोन स्पीकरवर ठेवला होता. तुम्ही ओरडून म्हणालात, "मृणालला म्हणावं मागे जा, तारेला हात लावून बघ." मी मागे गेले, कुठली तार कुठून कुठे जाते ते हाताने धरून बघितलं. दहा मिनिटांत थोरली उभी राहिली. फोन ठेवताना तुम्ही विचारलंत, "ती जेवली का?" पाठकजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी दुबेजींनी दोघींना बोलावलं. सेक्शनची प्रमुख म्हणून तुमचं नाव तेव्हा वर गेलेलं होतं, हे मला ठाऊक होतं, तुम्हालाही ठाऊक होतं. दुबेजी म्हणाले, "दीदी, ये डावी-उजवी क्या है? भाभीजी को बताकर गई थीं कि किस तरफ़ से देखना है?"

तुम्ही एकदाच माझ्याकडे बघितलंत. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होते.

"नहीं," तुम्ही म्हणालात. "मैं बताना भूल गई. गलती मेरी है."

वन्सं, मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं हो! "सांगितलं होतं त्यांनी." तीन शब्द. ते माझ्या घशापर्यंत आले, आणि मग मला दिसलं की दुबेजी माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतायत. जणू आजवर भाभीजी होती तिच्यात आत्ता इंजिनियर दिसली. मी ते तीन शब्द गिळले. महिन्याभरात प्रमुख मी झाले. नावं माझ्या नियमाने ठेवायची, असा कागद निघाला. तुम्ही त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत, माझ्या हाताखाली सहा वर्षं काम केलंत. डबा एकत्र खाल्लात. लोणचं संपलं तर तुमच्यातलं माझ्या पोळीवर वाढलंत. त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. भांडला असतात तर बरं झालं असतं. मला वाटायचं, ही चांगली वागून सूड घेते आहे. असंही वाटलंय मला, काय सांगू!

आणि मिळालं काय मला? पडद्यावर माझी नावं आली, पण तोंडातून तुमची गेली नाहीत. लोक अजून थोरली म्हणतात, ओसरी म्हणतात. मी पाटी लावली, लोक पाटीखाली उभे राहून "जाऊबाई" म्हणतात.

गेल्या मंगळवारी ऑफिसात तुमची शोकसभा झाली. दुबेजी चांगलं बोलले, म्हणजे चांगलंच बोलत होते. सगळ्यांचे डोळे ओले. मग शेवटी म्हणाले, "दीदी से इतने साल में बस एक गलती हुई, वो भी उन्होंने खुद मान ली. ऐसे लोग कहाँ मिलते हैं." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. का ते नीट ऐका, कारण पश्चात्तापाने झाली म्हणाले तर ते अर्धंच खरं. मला वाटलं, ही चूकसुद्धा हिच्याच नावावर? सोळा वर्षांत या खोलीत मी एकटीने, माझ्या हाताने केलेली एवढी मोठी गोष्ट ती एकच, आणि तिचंही श्रेय तुम्ही घेऊन बसलात! लोक तुम्हाला तिच्याबद्दल वाखाणतायत! म्हणून मी उठले. हेव्याने उठले, वन्सं, चांगुलपणाने नाही. म्हणाले, "दुबेजी, वो गलती मेरी थी. दीदी ने मुझे बताया था. तीन बार बताया था. मैं जानती थी."

दुबेजींनी माझ्याकडे बघितलं, चष्मा काढला, डोळे पुसले आणि हात जोडले. "भाभीजी, ननद-भाभी में ऐसा प्यार हमने नहीं देखा. जाने के बाद भी उनका दोष अपने सिर ले रही हैं."

मी म्हणाले, "अरे, मैं सच कह रही हूँ!"

"हाँ, हाँ, भाभीजी. बैठिए आप. कोई पानी लाओ."

पाठकजी पाणी घेऊन आले. त्यांना मी म्हटलं, "तुम्ही तर होतात तिथे, फोन तुम्ही केलात." ते हुंदके देत होते. म्हणाले, "दीदी यही कहती थीं, हमारी भाभी का दिल बहुत बड़ा है." तुम्ही असं म्हणायचात? कधी म्हणायचात? माझ्यासमोर एकदा म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?

मग मी सगळ्यांना लिहून कळवलं. तारीख, वेळ, काय पुसलं, का पुसलं, ओळीत ऑनलाइन लिहिलेलं कसं वाचलं नाही, सगळं. खरं तर कंट्रोलरमध्ये कुणी काय केलं त्याची नोंद असते. पण तो ठरावीक नोंदीच ठेवतो. नवीन आल्या की जुन्या पडतात. सहा वर्षांपूर्वीचं काही उरलेलं नव्हतं. उत्तरं आली. अकरा जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एका डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, "प्रेरणादायी." इतकं खरं मी आयुष्यात बोलले नव्हते आणि कुणी विश्वास ठेवेल तर शपथ.

नवं स्टोरेज आलंय, तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्हीच जागा मोजून दिली होतीत. शनिवारी सगळ्या तारा तिकडे नेल्या. नव्या कंट्रोलरला आपल्यातलं कुणीच ओळखीचं नाही, म्हणून सगळ्याच्या सगळ्या तारा बिननावाच्या वर आल्या. शलाका तेराव्यासाठी भोपाळहून आलीय. ती मला डबा द्यायला आली होती, माझ्या पाठीमागे उभी राहिली. तुम्हाला माहीत आहे तिचं मराठी. म्हणाली, "आई, आत्या की नावं देशील ना?"

मी म्हणाले, "नाही."

"क्यों? अब तो वो हैं भी नहीं."

"ती नसली म्हणून काय झालं? भांडण संपलं का आमचं?" मी म्हणाले. "डावी-उजवीने एकदा इस्पितळ ठप्प केलंय. माझं म्हणणं तेव्हाही बरोबर होतं." आणि मी माझीच नावं दिली. सर्व्हर, कार्ड, तोंड. रडत रडत दिली, पण माझीच दिली. पडद्यावर सगळ्या ओळी नीट लागल्या. शलाका वाचत होती. म्हणाली, "इसमें थोरली कौन सी है?" मी बोट ठेवून दाखवली.

काल सगळे गेल्यावर, संध्याकाळी चहाला मी आणि तुमचे बंधू दोघंच होतो. मी त्यांना म्हणाले, ऐका, मला काही सांगायचंय, आणि तुम्ही तरी मला हात जोडू नका. आणि सांगितलं. मुंज, रिक्षा, "कळतं मला," पुसलेलं नाव, दुबेजींची खोली. सगळं.

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"ताईने त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. तुला बोलायचं नाही अशी शपथ घातली होती."

वन्सं, माझ्या डोक्यात तिडीक गेली. सहा वर्षं! एका घरात दोघं बहीण-भाऊ माझं बिंग जाणून माझ्या हातची भाजी-भाकरी खात होतात. मी म्हणाले, "आणि काय म्हणाल्या त्या? बिचारी मृणाल, तिला सांभाळून घे?"

"नाही," ते म्हणाले. "म्हणाली, 'तिला दुबेजींसमोर लाज वाटली तर ती नोकरी सोडेल. आणि ती सोडून गेली तर मी काय करू? मला नावं सुचतात रे, पण त्या पेटीच्या आत काय चालतं ते तिलाच कळतं. मला नाही कळत.'"

मी म्हणाले, "खोटं. त्यांना सगळं कळायचं."

"तुझ्या एमसीएच्या वह्या माळ्यावर होत्या ना? त्या ती आपल्या खोलीत घेऊन गेली होती. सुटी असली की दुपारभर वाचायची. मला विचारायची, हा शब्द कसा म्हणायचा. मी रेल्वेतला माणूस, मला काय ठाऊक! मी म्हणालो, मृणालला विचार. तर म्हणाली, 'नको. तिचं पाहून मला इतका हेवा वाटतो ना, की तिच्यासमोर वही उघडायची छाती होत नाही.'"

मी वर तुमच्या खोलीत गेले. वह्या होत्या. माझ्या अक्षराच्या बाजूला पेन्सिलने बारीक तुमचं अक्षर. जिथे अडलात तिथे प्रश्नचिन्ह. पानापानावर प्रश्नचिन्हं, वन्सं. काही तर इतकी सोपी, की दोन वाक्यांत सांगितली असती. मी तुमच्या खाटेवर बसले आणि पेन्सिलीच्या प्रत्येक चिन्हापुढे उत्तर लिहायला घेतलं. तीन पानं झाली, मग डोळ्यांपुढचं दिसेना.

आपल्या टेबलांत दीड हाताचं अंतर होतं. वही घेऊन यायचं आणि म्हणायचं, मृणाल, हे मला शिकव. मी शिकवलं असतं.

नाही. आता खोटं बोलून काय करू? तेव्हा विचारलं असतंत तर मी शिकवलं नसतं. हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच तुम्ही विचारलं नाहीत.